बिशपची बायको

एमिलीबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. चर्चच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही तोच एक शब्द वापरला, सोशिक. एमिलीबाई फार सोशिक होत्या म्हणे. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसले होते. सोशिक? डोंबलाची सोशिक. माणूस मेलं की त्याचे कोपरे तासून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडे फार हौस. गेलेला माणूस उठून भांडायला येत नाही ना. म्हणून ते भांडण आता माझ्याकडे आलं आहे.

मी मालन. माहेर देशावरचं, लग्न होऊन वसईतल्या गिरीजला आले ती शहात्तर साली. नवऱ्याची, दिवाकरची, केळीची वाडी, आणि मी हायस्कूलमध्ये मराठीची शिक्षिका. आमच्या विहिरीपलीकडे चाळीस पावलांवर एमिलीबाईंचं घर. त्यांचे यजमान व्हॅलेरियन सर माझ्याच शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या घरी त्यांची बोली, आमच्या घरी सासूबाईंची. मला दोन्ही कळतात, पण लिहायला गेले तर दोन्हीकडचे लोक हसतील. तेव्हा इथे सगळे माझ्या मराठीत बोलणार आहेत. चालवून घ्या.

व्हॅलेरियन सर आधी सर नव्हते, फादर होते. फादर घडवणाऱ्या सेमिनरीतून शिकून बाहेर पडल्यावर पाच वर्षं त्यांनी एका दूरच्या चर्चमध्ये मिस्साची उपासना चालवली. कॅथलिक फादरला लग्न करता येत नाही, म्हणून ते पद सोडण्यासाठी त्यांनी रोमला अर्ज केला, रीतसर परवानगी आली, आणि एकाहत्तर साली पहाटे सहाला, घंटा न वाजवता, दोन साक्षीदारांपुढे त्यांचं एमिलीबाईंशी लग्न लागलं. एमिलीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, मिशनच्या दवाखान्यात नर्स. गावात ठरून गेलं की हिने फादरना नादी लावलं. त्यावर त्या मला एकदा म्हणाल्या होत्या की मी कुणाला ओढलं नाही, ते चालत आले, मी फक्त दार उघडलं. दुसऱ्या गावी जाऊन राहा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. एमिलीबाईंचं उत्तर एवढंच, की माझा दवाखाना इथे आहे आणि विहिरीचं पाणी गोड आहे.

मग गावाने काय केलं? उघड काहीच नाही. गाव कधी उघड काही करत नाही. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापुढे रोज प्रार्थना होते, एकेका घराची पाळी असते, त्या घराने उकडलेले चणे वाटायचे. ती पाळी शेजारच्या घरापर्यंत यायची आणि एमिलीबाईंचं घर ओलांडून पुढे जायची. बाळंतपण अडलं की मात्र याच बाईंना हाक. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातात जन्मली. बाळंतपणाला एमिली चालायची, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला नाही. त्यांना स्वतःला मूल झालं नाही, तेव्हा ती देवाची शिक्षा आहे हेही लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. पाठीमागे त्यांचं नाव पाद्रीण.

सगळ्यात जास्त राग त्यांच्या थोरल्या भावाला, पास्कलदादांना. बाप लवकर गेला, तेव्हा या दहा वर्षांनी मोठ्या भावाने एमिलीला वाढवलं, भाजीच्या टोपल्या वाहून नर्सिंगला पाठवलं. लग्नाच्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. दोघांच्या वाड्यांमध्ये एक कुंपण आणि पाच नारळ. सत्तावीस वर्षं त्या कुंपणावरून शब्द गेला नाही. ज्याचं प्रेम जास्त त्याचा अबोला लांब, असं माझी सासू म्हणायची. मला विचाराल तर अबोला हा प्रेमाचा नव्हे, माजाचा प्रकार आहे.

अठ्ठ्याण्णव साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. इतकी वर्षं मुंबईच्या हाताखाली, आता आपल्याला स्वतःचा बिशप. गावोगाव उत्साह. आमच्या आळीचं नाट्यमंडळ दरवर्षी नाताळानंतर नाटक करायचं; त्या वर्षी ठरलं की नाटक बिशपवरच हवं. मंडळाचे अध्यक्ष पास्कलदादा. आता लिहिणार कोण? अख्ख्या आळीत नाटक लिहू शकणारा एकच माणूस, आणि त्याच्या उंबऱ्यावर अध्यक्ष पाय ठेवणार नाहीत. मग पास्कलदादा आमच्या ओटीवर येऊन बसले, दिवाकरने सरांना हाक मारली, आणि दोन मेव्हण्यांची बोलणी आमच्या चहावर झाली. सर मऊ माणूस. त्यांना वाटलं, चला, दार किलकिलं झालं. लगेच हो म्हणाले.

सरांकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, शाळेच्या ग्रंथालयाने वाळवी लागली म्हणून काढून टाकलेलं. एका इंग्लिश बिशपचं चरित्र. टोबायस हार्ले त्याचं नाव. फार मोठा माणूस नव्हे, त्या पुस्तकाबाहेर त्याला कुणी ओळखत असेल असं वाटत नाही. पण सरांचा त्याच्यावर जीव. मला ते त्याच्याविषयी असं सांगायचे, जसा कोणी आपल्या आजोळच्या माणसाविषयी सांगतो.

गोष्ट अशी. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली. भाऊ भावावर तलवार घेऊन धावला. पार्लमेंटच्या बाजूच्या कडव्या लोकांचं म्हणणं, देवाला बिशपांची गरज नाही. त्यांच्या शिपायांनी हार्लेच्या कॅथीड्रलमध्ये घोडे बांधले, रंगीत काचा फोडल्या, ऑर्गनच्या नळ्या उपटल्या आणि गुत्त्यात देऊन त्यावर दारू प्याले. हार्लेला चौदा महिने बुरुजात कोंडलं. प्रार्थनेचं जुनं पुस्तक बेकायदा ठरवलं. पण हार्लेला ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाठ. पुस्तक जप्त करता येतं, पाठांतर कसं करणार? सुटल्यावर तो एका खेड्यात मास्तरकी करत राहिला. धान्याच्या कोठारात त्याने मुलांचे बाप्तिस्मे केले, तीन तरुणांना गुपचूप धर्मगुरूची दीक्षा दिली. कुणी विचारलं तर म्हणायचा, लॅटिन शिकवतोय. अशी चौदा वर्षं. मग पार्लमेंटने मारलेल्या राजाचा मुलगा परत आला, राज्य परत आलं, आणि म्हाताऱ्या हार्लेला त्याच्या कॅथीड्रलमध्ये वाजतगाजत नेलं. छप्पर गळत होतं. ज्यांनी काचा फोडल्या त्यांतलेच काही जण टोप्या हातात धरून आशीर्वादाला उभे होते.

सरांनी दोन अंक भराभर लिहिले, मी मराठी तपासली, आणि मंडळ खूश झालं. ऑर्गन मोडण्याचा प्रवेश वाचताना पास्कलदादांचे डोळे भरून आले. बिशपचं काम मार्सेलकडे. मार्सेल शिंपी, पोट बिशपला शोभेसं आणि आवाज त्याहून मोठा. त्याने स्वतःच जांभळा झगा शिवला. पोस्टरं छापून पार बोळिंज, जूचंद्रपर्यंत चिकटवली : धर्मासाठी छळ सोसलेल्या बिशपची अमर कहाणी.

आता गंमत ऐका. बिशप म्हटला, चर्च म्हटलं, छळ म्हटला, की तो माणूस आपलाच, यात कुणाला शंकाच आली नाही. एकानेही विचारलं नाही की हा बिशप कॅथलिक होता का. सरांनी लपवलं नव्हतं हो. त्यांना वाटलं, यांतल्या बहुतेकांना मीच नववीत शिकवलंय. आठव्या हेन्रीने त्याच्या शंभर वर्षं आधीच पोपशी संबंध तोडले होते हे यांना ठाऊक असणारच. सरांचा शिक्षणावर फार विश्वास. मी मराठी शिकवते, त्यामुळे माझा नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तिसऱ्या अंकाचं वाचन झालं. सर वाचत होते. बुरुजातून सुटलेल्या बिशपला पार्लमेंटचा अधिकारी त्याच्या घराशी आणतो. घराच्या दारात मार्गारेट उभी. मार्गारेट म्हणजे बिशपची बायको. पाठीमागे पाच मुलं.

मार्सेलने हळूच विचारलं, "बिशपची बायको? म्हणजे ती बिशपच्या घरी काय काम करते?"

मला हसू आवरेना. पास्कलदादांना मात्र हसू आलं नाही. ते सरांकडे बघत म्हणाले की नाटकात बायको घुसवायची तुम्हालाच कशी गरज पडली, सर. सगळ्यांना कळलं त्यांना काय म्हणायचंय. सरांनी पुस्तक उघडून दाखवलं, की या पंथात बिशपला लग्न करता येतं. तेव्हा कुठे प्रोटेस्टंट हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला. मग जी गडबड उडाली ती काय सांगू. एक म्हणाला नाटकच रद्द करा, दुसरा म्हणाला पोस्टरं लागली, पाव्हण्यांना आमंत्रणं गेली, आता गावात तोंड कसं दाखवणार. शेवटी पास्कलदादांनी तोड काढली. बायकोऐवजी बहीण करा. संवाद तेच राहू देत. विधवा बहीण, आणि पाच मुलं तिची, म्हणजे बिशपची भाचरं. टाळ्या पडल्या. मंडळाने साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक भरला संसार दहा मिनिटांत मोडून टाकला आणि चहा मागवला.

सर वही घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सर लाल पेनाने वहीत जिथे जिथे बायको होतं तिथे बहीण करत बसले होते. एमिलीबाई पाटावर बसून बोंबील साफ करत होत्या. काय चाललंय ते त्यांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, कुणी सुचवलं तेही. सर खाली मान घालून लाल पेन चालवत होते. एमिलीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि ते वाळवी लागलेलं पुस्तक उघडलं. नर्सिंगमुळे त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. त्या जाड पुस्तकात मार्गारेटविषयी एकच परिच्छेद होता. अधिकारी बिशपपुढे कागद ठेवतो : बिशपपद ही माणसाची उठाठेव आहे, देवाची नव्हे, असं लिहून दे, घर तुझं, वेतन तुझं, नाहीतर संध्याकाळच्या आत बाहेर हो. बायकोमुलांचा तरी विचार कर, असंही वर म्हणतो. बिशप बायकोकडे बघतो. ती म्हणते, आमच्यासाठी म्हणून तुम्ही कशावरही सही करू नका. आणि भांडी बांधायला घेते.

एमिलीबाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग सरांना विचारलं, "हे बहीण म्हणते?"

सर म्हणाले की एमिली, आधी नाटक होऊ दे, लोकांना हळूहळू समजेल.

"हळूहळू म्हणजे किती? सत्तावीस वर्षं झाली."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पण खोडलेलं होतं ते खोडलेलंच राहिलं. मला सरांचा राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. चांगला माणूस, विद्वान माणूस, आणि चौदा वर्षं न वाकलेल्या बिशपचं चरित्र उशाशी घेऊन झोपणारा. स्वतःच्या मेव्हण्यापुढे मात्र एकाच संध्याकाळी वाकला. त्यांना भांडायची सवयच नव्हती. आयुष्यात एकदाच त्यांनी मोठं धाडस केलं होतं आणि त्याची भरपाई म्हणून उरलेलं सगळं आयुष्य ते लोकांना हो म्हणत आले होते.

एवढ्यावरही भागलं नाही. मार्गारेटचं काम करणार होती कार्मिन, बँकेत नोकरी करणारी चुणचुणीत पोरगी. तिच्या आईने तिला काढून घेतलं. कागदावर बहीण झाली तरी ती मुळात बिशपची बायको होती ही बातमी आळीभर झाली होती, आणि लग्नाच्या मुलीने असलं काम केलेलं तिच्या आईला नको होतं. दुसरी कुणी तयार होईना. नाटक तीन आठवड्यांवर.

तेव्हा एमिलीबाई तालमीला आल्या. साडीचा पदर खोचून, सरळ, सगळ्यांसमोर. मी वही घेऊन प्रॉम्प्टरच्या स्टुलावर होते. पास्कलदादा आणि त्या तीन फुटांवर समोरासमोर उभे, सत्तावीस वर्षांत इतके जवळ कधी आले नसतील. पास्कलदादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, मालनबाई, त्यांना विचारा काय काम आहे.

एमिलीबाई त्यांच्याकडेच बघत म्हणाल्या, "बहीण करायचं ठरलंय ना? मग बहिणीचं काम बहीणच करील."

पास्कलदादांची पंचाईत झाली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सगळ्यांना माहीत. मार्सेल मधे पडला, म्हणाला, मापं कधी देताय बाई. त्याच्या दोन्ही मुली एमिलीबाईंच्या हातच्या. त्यातली धाकटी पायाळू होती, आणि ती आणि तिची आई दोघी जगल्या त्या याच बाईंमुळे. असं काम ठरलं.

गावाला वाटलं, पाद्रीण नमली. मलाही तसंच वाटलं, आणि घरी येताना मी विहिरीपाशी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, सरांचं समजू शकते, पण तुम्हीसुद्धा? त्या हसल्या. म्हणाल्या, "मालन, बाळंतिणीने आधीपासून जोर लावला तर दमून जाते. कळ येईपर्यंत थांबायचं असतं." मला तेव्हा नीट कळलं नाही. मी रागातच होते.

नव्याण्णवच्या जानेवारीतला दुसरा रविवार. शाळेच्या मैदानात संध्याकाळी साडेसहाला पडदा वर गेला. सातशे माणूस तरी असेल. पहिल्या रांगेत फादर, त्यांच्या शेजारी छातीवर बिल्ला लावून पास्कलदादा. सर सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभे. लेखकाने पुढे बसायचं असतं, पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यांनीही आग्रह केला नव्हता.

दोन अंक उत्तम झाले. ऑर्गनच्या नळ्या मोडल्या तेव्हा बायका हळहळल्या. तिसऱ्या अंकाला एमिलीबाई दारात उभ्या राहिल्या. करडा लांब झगा, डोक्याला पांढरी टोपी, चोपन्न वर्षांचा चेहरा. त्यांना रंग लावायची गरजच पडली नव्हती. अधिकाऱ्याचं काम करणारे आमचे पीटीचे मास्तर कागद पुढे करून ठरल्याप्रमाणे गरजले, की बिशप, तुमच्या या विधवा बहिणीचा आणि भाचरांचा तरी विचार करा.

माझ्या वहीत पुढचं वाक्य होतं : दादा, आमच्यासाठी सही करू नका.

एमिलीबाई पुढे आल्या. "बहीण नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दवाखान्यात नाव पुकारतात तसं स्वच्छ. "मी यांची बायको. ही आमची मुलं. आमच्यासाठी म्हणून तुम्ही कशावरही सही करू नका. मी सामान बांधायला घेते."

पीटीचे मास्तर मराठी विसरले. मार्सेल घामाघूम झाला आणि माझ्याकडे बघू लागला, कारण अडला की तो माझ्याकडे बघायचा. मी वही मिटून मांडीवर ठेवली. मदत करायची नाही असं मी ठरवलं. मार्सेल एकटा पडला. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली, अधिकाऱ्याकडे वळला, आणि कुठल्याच वहीत नसलेलं वाक्य बोलला. "ऐकलंत ना? बायको म्हणते सही करू नका. मग झालं. नाही करत."

मागे बायकांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळं मैदान हसलं. ते हसणं वाईट नव्हतं. घराघरात असंच तर चालतं.

पास्कलदादा उभे राहिले. ते अध्यक्ष, त्यांनी हात वर केला की दिवेवाला दिवे बंद करणार, हे सगळ्यांना ठाऊक. हसणं थांबलं. त्यांचा हात छातीपर्यंत आला. शेजारचे फादर एकदम आपला चष्मा पुसू लागले. शहाणा माणूस. सातशे जणांच्या देखत नाटक पडणार, आणि ते पाद्रिणीने पाडलं असं पुढची पन्नास वर्षं गाव सांगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

एमिलीबाई रंगमंचाच्या कडेला आल्या, भावाच्या अगदी समोर.

"दादा, खाली बस. अजून राजा परत यायचाय."

पास्कलदादा उभेच. मग त्यांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि बसले.

पुढची चाळीस मिनिटं सातशे माणसांत कुणी खोकलं नाही. खेड्यातली चौदा वर्षं झाली, कोठारातले बाप्तिस्मे झाले, राजा आला. बिशपच्या मिरवणुकीचा प्रवेश आला. त्या काळी इंग्लंडात बिशपच्या बायकोला काही मान नव्हता, तिला मिरवणुकीत जागा नसे. पुस्तकात तसं आहे म्हणून सरांनी मार्गारेटला गर्दीत उभं राहायला लिहिलं होतं. एमिलीबाई गर्दीत उभ्या राहिल्या नाहीत. मार्सेलच्या बरोबरीने चालत पुठ्ठ्याच्या कॅथीड्रलच्या दारातून आत गेल्या. सरांचं लिहिणंही त्यांनी खोडलं, आणि माझ्या मते बरं केलं.

पडदा पडल्यावर आमच्याकडे एक रीत आहे. सगळे कलाकार रांगेत उभे राहतात, अध्यक्ष माइकवर येऊन एकेकाचं काम आणि नाव वाचतात आणि शाल देतात. पास्कलदादा वर आले. हातातली यादी त्यांनी दोन दिवस आधी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. मार्सेलचं नाव झालं, मास्तरांचं झालं, शिपायांची झाली. मग ते एमिलीबाईंपुढे आले आणि नुसतं म्हणाले, एमिली. काम वाचलं नाही. शाल पुढे केली.

एमिलीबाईंनी हात पुढे केला नाही. "सगळ्यांचं काम वाचलंस. माझंही वाच."

"यादीत बहीण लिहिलंय," पास्कलदादा पुटपुटले.

"मग बहीण म्हण. नाहीतर खोडून बायको म्हण. दोन्हींतलं एक तरी तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी विंगेत होते, चार हातांवर. पास्कलदादांच्या मानेची शीर मला दिसत होती. चौसष्ट वर्षांचा माणूस, डोळे कागदात घालून उभा. मला त्यांची दया आली नाही, हे कबूल करते. सत्तावीस वर्षं एक शब्द जिभेवर दाबून धरला की तो जड होणारच.

"बहीण," ते म्हणाले. थांबले. "माझी."

मागच्या भिंतीशी सर सरळ उभे राहिले. एमिलीबाईंचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. तरी हात काही पुढे आला नाही. पास्कलदादा शाल धरून उभे.

"आता दुसरं," एमिलीबाई म्हणाल्या. "कुणाची बायको, तेही सांग. ते तिकडे मागे उभे आहेत."

पास्कलदादांनी मान वर करून मैदानाच्या शेवटाकडे पाहिलं. मग तेही म्हटलं, नावासकट. हळू म्हटलं, पण माइक चालू होता.